जनसुनावणीची नोटीस लागली की ३० दिवसांत काय करायचं

आमचं गाव वणी तालुक्यात, वर्धा नदीपासून जवळ. मागच्या अंगणात उभं राहिलं की एका बाजूला पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, दिसते आणि दुसऱ्या बाजूला ओबीचा डोंगर. कोळशावरची माती काढून खाणीशेजारी रचतात, त्याला इथे सगळे ओबी म्हणतात. मी पाच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होते, बचत गटाचं काम त्याच्याही आधीपासूनचं. खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी गावातल्या लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी घेतात, अशा तीन जनसुनावण्यांना आजवर बसले आहे.

पहिल्या वेळी आम्ही दीड-दोनशे माणसं गेलो, अर्ध्याहून जास्त बाया. "खाण नको" म्हणून अर्धा तास ओरडलो आणि घोषणा देत मांडवाबाहेर पडलो. घरी येताना वाटलं, जिंकलो. काही महिन्यांनी इतिवृत्त हाती आलं. काही ग्रामस्थांनी विरोध केला, इतरांनी स्थानिकांना रोजगार मागितला, एवढंच त्यात होतं. विहिरी नव्हत्या, धूळ नव्हती, घरांना गेलेल्या चिरा नव्हत्या. लिहिणाऱ्याला तरी काय बोल लावायचा? विहिरीबद्दल त्या दिवशी कोणी बोललंच नव्हतं.

तुमच्या गावात नोटीस लागली असेल, तर आधी हे पक्कं समजून घ्या की सुनावणीत मतदान नसतं. हात वर करून प्रकल्प नाकारता येत नाही आणि समोर बसलेल्या साहेबांना तो नाकारायचा अधिकारही नसतो. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे सुनावणी म्हणजे लोकांच्या हरकती नोंदवण्याची जागा. जे नोंदलं जातं त्याला कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं, प्रकल्पाचे परिसरावर काय परिणाम होतील त्याच्या अंतिम अहवालात ते जोडावं लागतं आणि मग दिल्लीची किंवा राज्याची तज्ज्ञ समिती ते बघते. दक्षिण गोव्यातल्या एका लोहखाणीच्या खटल्यात २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की समितीने हरकतींचा विचार केला हे कारणांसह दिसलं पाहिजे. म्हणजे हरकत नोंदली गेली तर पुढे न्यायालयातही तिला वजन राहतं. नोंदलीच गेली नाही, तर तिथे दाखवायला हातात काही नसतं.

नोटीस आणि अहवाल

सुनावणीआधी निदान ३० दिवस नोटीस यायला हवी, एका राष्ट्रीय दैनिकात आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. आमच्या वेळी ज्या पेपरात आली तो गावात एकाच घरी येतो. जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी देण्याची सोय अधिसूचनेतच आहे, ती मागा. नोटिशीचा फोटो काढून ठेवा, त्यात पेपरची तारीख दिसली पाहिजे. दिवस मोजा. ३० भरत नसतील तर त्याच दिवशी जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आवक क्रमांक नसलेला अर्ज दिला काय अन् न दिला काय, सारखंच.

याच अहवालाचा, म्हणजे प्रभाव मूल्यांकन अहवालाचा, मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी बघायला ठेवलेला असतो. आमच्याकडे तो ग्रामपंचायतीच्या कपाटात होता आणि चावी ग्रामसेवकाच्या खिशात. दोन दिवस हेलपाटे घातले, तिसऱ्या दिवशी सात जणी जाऊन बसलो, तेव्हा कपाट उघडलं. मराठीत मिळतो तो सारांश, दहा-वीस पानांचा. खरं पोटात असतं ते इंग्रजी जाडजूड ग्रंथाच्या. त्याला घाबरू नका. गावातली कॉलेजात जाणारी पोरं-पोरी बोलवा, प्रकरणं वाटून द्या, संध्याकाळी मंदिरात बसून एकेकाने मराठीत सांगायचं. सगळं वाचायची गरज नाही. तिसऱ्या प्रकरणात तुमच्या परिसराचं वर्णन असतं, चौथ्यात होणारे परिणाम, पाचव्यात दुसरी जागा किंवा दुसरी पद्धत का नाही ते, आणि दहाव्यात कंपनी काय उपाय करणार ते.

तिसऱ्या प्रकरणावर मात्र भरपूर वेळ घालवा, कारण त्या विषयात तुमच्यापेक्षा जाणकार कोणी नाही. आमच्या अहवालात नाल्याला पावसाळी ओहोळ म्हटलं होतं. त्या नाल्यात एप्रिलमध्ये ढोरं डुंबतात आणि ढिवर मासे धरतात. जंगली जनावरांच्या यादीत ससा आणि कोल्हा होता, वाघ नव्हता, आणि आमच्या बाया मोहफुलं वेचायला एकटीने जात नाहीत त्या वाघामुळेच. असं काही सापडलं की पान क्रमांक लिहून ठेवा. छोटी चूक म्हणून सोडू नका. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी थांबवली होती, ती अर्जात परिसराची माहिती दडवल्यामुळे. पुढे जानेवारी २०२० मध्ये अटी वाढवून रस्ता मोकळा झाला हेही खरं. पण त्या अटी आल्या त्या कोणीतरी कागद नीट वाचला म्हणून.

हवेचे आणि पाण्याचे नमुने कुठे घेतले, कोणत्या महिन्यांत, हेही बघा. सूक्ष्म धुळीची, म्हणजे पीएम १० ची, २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. आकडा त्याच्या आत दाखवला असेल तर यंत्र कोणत्या घरावर ठेवलं होतं ते विचारा. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर की गावाच्या पार दुसऱ्या टोकाला? ज्याच्या घरावर यंत्र होतं त्याला गावात सगळे ओळखतात, त्यालाच विचारा.

पुरावा घरात असतो

तज्ज्ञ आणायला पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. दुसऱ्या सुनावणीच्या आधी आम्ही एक लांब दोरी घेतली, टोकाला दगड बांधला, हातभर अंतरावर गाठी मारल्या. दर पंधरवड्याला चौदा विहिरींचं पाणी किती गाठी खाली गेलं ते एका वहीत लिहायचं, तारीख टाकायची, विहीर ज्याची त्याची सही घ्यायची. खाण खोल गेली की तिथलं पाणी उपसून टाकतात आणि भोवतालच्या विहिरी बसतात, हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त माहीत असून चालत नाही, वहीत दिसावं लागतं. सुरुंगाची वेळ, भांडी वाजली का, भिंतीची चीर किती वाढली हेही आम्ही त्याच वहीत टिपायचो. चिरेवर पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घालायची आणि फोटो काढायचा.

कापूस विकल्याची पावती जपून ठेवा. बोंडावर काळी धूळ बसली की व्यापारी भाव पाडतो, आणि रस्त्याकडच्या वावरातला कापूस कोणत्या भावाने गेला, आतल्या वावरातला कोणत्या, हे दोन पावत्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

आता पुराबद्दल, कारण इथे हवामानाचा संबंध थेट आमच्या उंबऱ्याशी येतो. २०२२ च्या जुलै-ऑगस्टात वर्धेला जो पूर आला त्यात वणी, वरोरा, भद्रावतीकडची कितीतरी वावरं दिवसचे दिवस पाण्याखाली राहिली. पाऊस आता असाच पडतो, महिनाभर दडी आणि मग दोन दिवसांत सगळा. अहवालात पूररेषा कोणत्या वर्षाची धरली आहे ते विचारा. ती २०२२ च्या आधीची असेल, तर तुमच्या गावातलं पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याच्या खुणा भिंतींवर अजून असतील. त्यांचे फोटो काढा, मोजपट्टी लावून. आणि ओबीचा ढीग त्या रेषेच्या आत येतो का ते बघा.

उन्हाचंही असंच. पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात धूळ अंगावर घेऊन निंदणाला, वेचणीला जाणारी बाई कोणत्याच तक्त्यात नसते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मधून येतो असं म्हटलं. हे वाक्य तुमच्या लेखी निवेदनात घाला. आमच्या जमिनीखालचा कोळसा जाळून शहरांत रात्रभर दिवे असतात, आणि ओलिताला आम्हाला लाईन मिळते ती रात्रीची, सापा-विंचवाच्या भीतीत. यावर बोललं तर ते राजकारण होतं असं मला एका अधिकाऱ्याने सांगितलं. आहेच ते राजकारण. ते करायचा आम्हाला हक्क आहे.

कोणी बोलायचं

गावाची फूट पडते ती इथे. ज्याच्या नावे सातबारा आहे त्याला मोबदल्याची आशा असते, ज्याचा पोरगा शिकून घरी बसलाय त्याला नोकरीची. या दोघांना दोष देऊ नका, त्यांची गरज खोटी नाही. पण ज्यांच्या नावे काहीच नाही, म्हणजे मजूर बाया, ढिवर, मेंढ्या चारणारे, त्यांना मोबदलाही नाही आणि नोकरीही नाही. त्यांच्या वाट्याला फक्त धूळ. आणि सुनावणीत माईक मिळतो तो पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्यांना. म्हणून आठवडाभर आधी बसून ठरवा, कोण कोणत्या विषयावर बोलणार. एकाने एकच मुद्दा घ्यायचा, तीन मिनिटांत, शेवटी प्रश्न विचारायचा. पहिली पाच नावं सातबारा नसलेल्यांची ठेवा. बोलायची सवय नसेल तर अंगणात सराव करून घ्या. आमच्यातल्या एका ढिवर आजीने नाल्यातल्या माशांची नावं एका दमात सांगितली, उन्हाळ्यात कोणता मिळतो, पावसाळ्यात कोणता. अंतिम अहवालात तो नाला बारमाही म्हणून लागला आणि ढीग त्यापासून दूर ठेवण्याची अट मंजुरीत आली. खाण झालीच, पण नाला आहे.

ग्रामसभेचा ठरावही आधी करून ठेवा. जंगल जात असेल तर वनहक्क कायद्याखालचे तुमचे सामूहिक दावे काढा. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली १२ ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं, त्यामागे तो कायदा होता. त्या वाटेवर ग्रामसभेच्या शब्दाला सुनावणीपेक्षा जास्त वजन आहे.

सुनावणीचा दिवस

सकाळी लवकर जा आणि पुढे बसा. कंपनीची माणसं सुरुवातीला पडद्यावर माहिती दाखवतात, ती शांतपणे ऐका, नवीन काही सांगितलं तर टिपून घ्या. कोरमची अट नसते, म्हणून तुम्ही आला नाहीत तरी सुनावणी होते.

आणि कितीही संताप आला तरी मांडव उधळू नका, खुर्च्या फेकू नका. लोकांना मोकळेपणाने मत मांडता येईल अशी स्थानिक परिस्थिती नाही असा अहवाल वर गेला, तर सुनावणी न घेताच पुढे जाण्याचा निर्णय घेता येतो, अशी तरतूद त्याच अधिसूचनेत आहे. गोंधळ कोणाच्या फायद्याचा असतो ते यावरून समजा. वातावरण तापवायला बाहेरून माणसं आली आहेत असं दिसलं, तर तुमच्या बाया कडेने गोल करून उभ्या करा. आम्ही तेच केलं.

बोलताना नाव, गाव आणि पान क्रमांक सांगा. "साहेब, हा मुद्दा नोंदवून घ्या" असं प्रत्येक वेळी म्हणा. पूर्ण सुनावणीचं चित्रीकरण करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तरी तुमचाही एक मोबाईल चालू ठेवा. लेखी निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा मराठीत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा असतो आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची असते. दुपारचे तीन वाजलेले असतात, पोरं रडत असतात, ढोरं घरी असतात. तरी बसून राहा. आम्ही पहिल्या वेळी उठलो ते इथेच चुकलो. वाचताना विहिरींचा मुद्दा आला नाही तर तिथेच उभं राहून सांगा.

पुढे इतिवृत्त ग्रामपंचायतीत आणि मंडळाच्या संकेतस्थळावर लागतं. ते तुमच्या चित्रीकरणाशी ताडून बघा, फरक असेल तर समितीला थेट कळवा. परिवेश पोर्टलवर, म्हणजे पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी संकेतस्थळावर, प्रकल्पाचं नाव टाकून आठवड्यातून एकदा पोरांना बघायला लावा. मंजुरी मिळाली की राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालतात तिथे, अपील करायला ३० दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी ६०, त्यापुढे दार बंद. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ पुण्याला आहे. अटी पाळल्या की नाही याचा अहवाल कंपनीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मागून घ्या आणि वहीशी लावून बघा.

आमची दोरी अजून ग्रामपंचायतीच्या खिळ्याला टांगलेली आहे. चौदातल्या तीन विहिरी आता कोरड्या आहेत. तिथेही दर पंधरवड्याला दोरी सोडतो आणि तारखेपुढे "पाणी नाही" असं लिहून सही घेतो.