डेल्फ्टच्या फ्रिजपाशी नव्याने आलेल्यांना

दर उन्हाळ्यात दोन-चार निरोप ठरलेले असतात. “ताई, डेल्फ्टला क्वांटम कंप्युटिंगमध्ये पीएचडी मिळाली. येताना काय काय आणू?” मी ‘चांगला रेनकोट’ एवढं सांगून मोकळी होते आणि मग रात्री मनाला लागून राहतं, की हे काही उत्तर नव्हे. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. मला नेदरलँड्समधल्या या गावात येऊन अकरा वर्षं झाली. चार पीएचडीत गेली, दोन पोस्टडॉकमध्ये (पीएचडीनंतरच्या संशोधनात), आणि उरलेली गावातल्याच एका छोट्या कंपनीत. काम सुपरकंडक्टिंग क्यूबिटवर (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा मूळ घटक, आमचा अतिथंडीत रोध नसलेल्या धातूचा), त्यामुळे माझ्या बोलण्याला त्या बाजूचा कल आहे हे धरून चाला.

कागदपत्रांचं आधी उरकते. नगरपालिकेत पत्त्याची नोंद झाली की बीएसएन नावाचा नंबर मिळतो आणि त्याच्याशिवाय इथे पान हलत नाही. म्हणून घरमालक “नोंदणी करता येणार नाही” म्हणाला, तर खोली कितीही छान असली तरी सोडून द्या. खोली बघण्याआधी पैसे मागणाऱ्यालाही हात जोडा. घरांची टंचाई खरी आहे आणि ती ओळखून फसवणारेही आहेत. आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यायलाच हवा. ‘थर्टी पर्सेंट रूलिंग’ ही कराची सवलत आहे. पगाराचा तेवढा हिस्सा करमुक्त होतो, २०२७ पासून नव्यांसाठी तो २७ टक्के होतोय. तिचा अर्जही रुजू झाल्यापासून चार महिन्यांत गेला पाहिजे, नाहीतर मधल्या महिन्यांचा फायदा बुडतो. विद्यापीठाचा विभाग फॉर्म पाठवतो, पण सही करून परत करायचं तुम्हालाच. मास्टर्स इथेच केलेल्यांना ती बहुधा मिळत नाही, कारण आधीच्या २४ महिन्यांतले १६ हून अधिक महिने डच सीमेपासून दीडशे किलोमीटरच्या पलीकडे काढलेले असावे लागतात. नवरा किंवा बायको बरोबर येणार असेल, तर संशोधकाच्या जोडीदाराला इथे कुठलीही नोकरी करायची मुभा असते. त्यांचीही प्रमाणपत्रं बॅगेत टाका. नंतर मागवत बसायला लागतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही इथे विद्यार्थी नाही.

हे वाक्य वाचून सगळे मान डोलावतात आणि पुढचं वर्षभर विद्यार्थ्यासारखंच वागतात. मीही तेच केलं. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही चार वर्षांच्या कराराची नोकरी असते. सुरुवातीला करापूर्वी महिना तीन हजार युरोंच्या आसपास पगार, मे महिन्यात सुट्टीभत्ता ८ टक्के, डिसेंबरात वर्षअखेरीचे ८.३ टक्के, पेन्शनची कपात, हक्काची रजा. पहिलं वर्ष संपेपर्यंत ‘गो/नो-गो’ बैठक होते, तिथे पुढे जायचं की थांबायचं ते ठरतं. पण पगारपत्रक मिळालं म्हणून मनातला विद्यार्थी जात नाही. तो काय करतो, तर वाट बघतो. कुणीतरी विषय देईल, कुणीतरी चूक दाखवील, कुणीतरी “आता हे कर” म्हणेल. इथे कुणी म्हणत नाही. मार्गदर्शक आठवड्यातून एकदा भेटतात आणि विचारतात, “मग, तुझा काय विचार?” पहिल्यांदा मला वाटलं, परीक्षा घेताहेत. त्यांना खरंच माझा विचार हवा होता.

त्या सवयीची किंमत सांगते. तिसऱ्या महिन्यात आमच्या गटात फ्रिजच्या, म्हणजे चिप अतिथंड ठेवणाऱ्या यंत्राच्या, तारा नव्याने बसवत होते. एका वाहिनीवर ४ केल्विनच्या (उणे २६९ अंशांच्या) थाळीपाशी अ‍ॅटेन्युएटर (तारेतला सिग्नल क्षीण करणारा भाग) असायला हवा होता, तो मला दिसला नाही. आमच्या पोस्टडॉकला दांडगा अनुभव होता. मी मनात म्हटलं, त्याने मुद्दामच ठेवला नसेल. बोलले नाही. फ्रिजचं झाकण लावलं, दोन दिवसांनी तो थंड झाला, आणि त्या वाहिनीवरच्या क्यूबिटची अवस्था टिकेना. पाच आठवडे आम्ही चिपला दोष देत होतो. शेवटी फ्रिज गरम करून उघडला आणि ती रिकामी जागा सगळ्यांना दिसली. मी म्हटलं, मला आधीच दिसलं होतं. कुणी ओरडलं नाही. पोस्टडॉकने एवढंच विचारलं, “मग बोलली का नाहीस?” मला त्याचं उत्तर डच काय, इंग्रजीतही देता येईना.

अ‍ॅटेन्युएटरचं एवढं काय, असं नव्यांना वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. आपला ट्रान्समॉन, म्हणजे आमच्याकडचा सुपरकंडक्टिंग क्यूबिट, साधारण ५ गिगाहर्ट्झवर चालतो. त्या वारंवारतेच्या एका फोटॉनची ऊर्जा तापमानात मोजली तर भरते पाव केल्विनच्या आसपास. म्हणजे क्यूबिट आपोआप तळाच्या अवस्थेत राहायला हवा असेल, तर भोवतालचं सगळं त्याच्याहून बरंच थंड पाहिजे. म्हणून १०-२० मिलीकेल्विन. पण क्यूबिटला हुकूम पाठवणारी तार खोलीतून खाली जाते, आणि ३०० केल्विनच्या खोलीतला गोंगाट त्याच तारेतून उतरतो. तो वाटेत टप्प्याटप्प्याने मारावा लागतो. वीस डेसिबलचा एक अ‍ॅटेन्युएटर शक्तीचा शंभरावा हिस्साच पुढे सोडतो. असे तीन लावले की दहा लाखावा हिस्सा उरतो. त्यातला एक गायब असेल, तर फ्रिजचा आकडा १५ मिलीकेल्विन दाखवतो आणि क्यूबिट मात्र तापलेलाच असतो. हा हिशेब मला एम.एस्सी.च्या परीक्षेत बिनचूक आला असता. थाळीपाशी उभी असताना तो तोंडातून बाहेर पडला नाही, एवढाच फरक.

फ्रिजशी मैत्री करा. डायल्युशन रेफ्रिजरेटर हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर चालतो. ०.८७ केल्विनच्या खाली ते मिश्रण दोन थरांत फुटतं आणि हेलियम-३ वरच्या दाट थरातून खालच्या पातळ थरात ओढलं गेलं की उष्णता शोषली जाते. द्रव नायट्रोजनमधला ‘कोल्ड ट्रॅप’ (अशुद्धी अडवणारा सापळा) सुकू द्यायचा नाही, हा पहिला धर्म. हवेचा अंश आत गेला तर बारीक नळीत गोठून बसतो आणि आठवडा गेलाच म्हणून समजा. दुसरा धर्म, मिश्रण गमवायचं नाही. हेलियम-३ मुख्यतः ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो आणि लिटरमागे हजारांनी पैसे मोजावे लागतात. कुठला व्हॉल्व्ह फिरवू याबद्दल तिळभर शंका असेल, तर रात्री अकरालाही फोन करा. त्या फोनवर इथे कुणी कधी रागावलेलं मी पाहिलं नाही. न केलेल्या फोनवर मात्र पाहिलंय.

रविवारी कंटाळा आला तर ट्रेनने लायडनला जा. वीसेक मिनिटांवर आहे. तिथल्या बोरहावे संग्रहालयात डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओन्नेस यांनी १९०८ मध्ये ज्या यंत्रावर हेलियम पहिल्यांदा द्रवरूप केला, ते ठेवलंय. १९११ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत सुपरकंडक्टिव्हिटी सापडली. डायल्युशन रेफ्रिजरेटरही पहिल्यांदा लायडनलाच चालला, १९६४ मध्ये, आणि त्या शोधनिबंधावर पहिलं नाव ‘दास’ असं आहे. काचेच्या त्या नळ्या पाहून मला घरी पत्र लिहावंसं वाटलं होतं.

क्वांटमचं काम म्हणून आलात आणि पहिलं वर्ष नळजोडणी, केबल आणि पायथनमध्ये गेलं, तर निराश होऊ नका. तेच काम आहे. केबलचे एसएमए कनेक्टर आवळायला टॉर्क पाना वापरतात, ‘टक्’ असा आवाज आला की थांबायचं. बोटांच्या अंदाजावर विसंबलेले लोक महिनाभर सैल जोड शोधत बसतात. क्लीनरूममध्ये जोसेफसन जंक्शन, म्हणजे क्यूबिटचा गाभा, बनवाल. अ‍ॅल्युमिनियमचे दोन थर आणि मध्ये जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइड. एकाच दिवशी, एकाच हाताने बनवलेल्या जंक्शनचाही रोध थोडाथोडा वेगळा येतो आणि क्यूबिटची वारंवारता सरकते. मोजमापाला आमच्याकडे क्यूकोड्स हे सॉफ्टवेअर आहे. ते तुम्हाला येत नसलं तरी बिघडत नाही, महिन्यात येतं. गळती शोधणं मात्र कुणाच्या तरी मागे उभं राहूनच शिकावं लागतं.

कुठल्या प्रकारच्या क्यूबिटवर काम घ्यावं, हा प्रश्न सगळे विचारतात. क्यूटेक ही संस्था टीयू डेल्फ्ट विद्यापीठ आणि टीएनओ ही उपयोजित संशोधनाची संस्था यांनी २०१४ मध्ये उभी केली आणि तिथे ट्रान्समॉन आहेत, सिलिकॉन आणि जर्मेनियममधले स्पिन क्यूबिट आहेत, हिऱ्यातले दोष वापरून नेटवर्क उभारणारे आहेत. २०१५ मध्ये रोनाल्ड हॅन्सन यांच्या गटाने कॅम्पसच्या दोन टोकांना, १.३ किलोमीटर अंतरावर, ठेवलेल्या हिऱ्यांवर पळवाटा बंद केलेला बेल प्रयोग (दूरच्या दोन कणांमधलं क्वांटम नातं तपासणारा) केला तो इथलाच. यांतलं कोण जिंकणार, हे छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझं मत विचाराल तर विषयापेक्षा गट निवडा. आणि गटाबद्दल विचारायचं ते नुकत्याच बाहेर पडलेल्यांना. मार्गदर्शक बिघडलेल्या प्रयोगाबद्दल ऐकून काय करतात, एवढं विचारा.

बिघडलेल्या प्रयोगावरून एक गोष्ट, इथे सगळ्यांना ठाऊक असलेली. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये डेल्फ्टहून मायोराना अवस्थांचा (टिकाऊ क्यूबिटसाठी हव्या असलेल्या खास क्वांटम अवस्थांचा) पुरावा मिळाल्याचा शोधनिबंध निघाला, फार गाजला. त्यात दाखवलेला वाहकतेचा सपाट पठारासारखा भाग पूर्ण डेटा पाहिल्यावर तितका सपाट राहत नव्हता. पूर्ण डेटा मागणाऱ्या दोघांपैकी व्हिन्सेंट मौरिक पूर्वी डेल्फ्टमध्येच पीएचडी केलेले. २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. बाहेरच्या तज्ज्ञांना जाणूनबुजून फसवणूक केल्याचा पुरावा मिळाला नाही, उत्साहाच्या भरात भान सुटलं असा त्यांचा सूर होता. नव्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण उत्साहाचा भर कुणालाही येतो. कच्चा डेटा पहिल्या दिवसापासून तारखेसह ठेवा. नको असलेली मोजमापं डिलीट करू नका. गटाच्या बैठकीत सुंदर आलेख दाखवाल तेव्हा शेजारचे तीन कुरूप आलेखही दाखवा. पदव्युत्तर वर्गात कुरूप आलेखाला गुण कापले जातात, इथे तो दाखवणाऱ्याचं पुढच्या वेळी ऐकून घेतात.

डच लोकांचं रोखठोक बोलणं सुरुवातीला टोचतं. “हे मला पटत नाही” हे ते चहा ओतताना म्हणावं तसं म्हणतात आणि पाच मिनिटांनी तुमच्याबरोबर जेवायला येतात. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची. ‘सर’ म्हटलं तर त्यांनाच अवघडतं. मला जमायला चार महिने लागले, तोवर मी वाक्यंच अशी रचायचे की हाक मारावी लागू नये. शुक्रवारच्या ‘बोरल’ला, म्हणजे कामानंतरच्या गप्पांच्या मैफिलीला, जा. बिअर प्यायलाच हवी असं नाही, कुणी आग्रहही करत नाही. पण शेजारच्या गटातला फ्रिज मधेच रिकामा होतोय, ही बातमी तिथेच कळते.

चार वर्षांचं गणित मनात ठेवा. शेवटचे सहा-आठ महिने प्रबंध लिहिण्यात जातात. टीयू डेल्फ्टच्या ग्रॅज्युएट स्कूलचे ४५ क्रेडिट मधल्या काळात पुरे करायचे असतात, ते शेवटच्या वर्षावर ढकलू नका. प्रबंधाबरोबर ‘स्टेलिंगन’ म्हणजे स्वतःच्या विधानांची एक यादी द्यायची असते, तिच्यात विषयाबाहेरची विधानंही लागतात. प्रबंधाच्या जाहीर परीक्षेत त्यांचा बचाव तुम्हालाच करावा लागतो. विद्यार्थीपणा गेलाय की नाही, ते ही यादी लिहायला बसलात की कळतं. मला पहिलं विधान सुचायला तीन आठवडे लागले. त्या परीक्षेच्या दिवशी दोन सोबती शेजारी उभे असतात, तासाभराने दंड हातात घेतलेली व्यक्ती आत येते, “होरा एस्ट” (“वेळ झाली”) म्हणते, आणि उत्तर अर्ध्यावर असलं तरी तिथेच थांबायचं. 

पुढे काय, तर वाटा बऱ्याच आहेत. २०२१ मध्ये डच सरकारने क्वांटमसाठी ६१.५ कोटी युरो जाहीर केले, आणि नियंत्रण इलेक्ट्रॉनिक्सची क्यूब्लॉक्स, चिप बनवणारी क्वांटवेअर, केबलची डेल्फ्ट सर्किट्स अशा कंपन्या गावातच आहेत. बरेच जण आइंडहोवनजवळ चिपनिर्मितीची यंत्रं बनवणाऱ्या एएसएमएलला जातात आणि तिकडे खूश असतात. त्याला हार समजू नका. परत जायचं असेल तर भारतात एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेलं राष्ट्रीय क्वांटम मिशन आहे, २०३१ पर्यंत ६००३.६५ कोटी रुपयांचं. मुंबईच्या टीआयएफआर संशोधनसंस्थेत सुपरकंडक्टिंग क्यूबिटवर काम त्याच्याही आधीपासून चालू आहे.

घाई मात्र कुठेच नाही. १९९९ मध्ये जपानमध्ये एनईसी कंपनीत नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी पहिला सुपरकंडक्टिंग क्यूबिट नाचवला तेव्हा तो नॅनोसेकंदभर टिकला. आज शेकडो मायक्रोसेकंद टिकतो, आणि तरी एक उपयोगी तार्किक (चुका दुरुस्त करून चालणारा) क्यूबिट उभा करायला ढीगभर भौतिक क्यूबिट लागतात. क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना २०२५ चं नोबेल मिळालं ते १९८४-८५ मध्ये बर्कलीत केलेल्या प्रयोगांसाठी. तेव्हा मार्टिनिस पीएचडी करत होते, म्हणजे तुमच्याच जागी.

पदवीनंतर तीन वर्षांच्या आत ‘झूकयार’चा अर्ज करता येतो. एक वर्ष राहून हवी ती नोकरी शोधायची मुभा मिळते. करार संपायच्या दोन महिने आधी त्याची कागदपत्रं बघायला घ्या. आणि पहिल्या आठवड्यात तारा बसवताना काही विचित्र दिसलं, तर त्याच क्षणी बोला, उच्चार चुकला तरी.