जुन्या गेमच्या ट्यूनवर हिप-हॉप बीट करताय? आधी या चुका टाळा

माझा पहिला गेम रीमिक्स मी गेमप्लेच्या व्हिडिओतून ऑडिओ काढून केला होता. त्यात दुसऱ्या बारला (बार म्हणजे चार बीट्सचा तुकडा) मेलडीचे दोन सूर मधेच गायब व्हायचे आणि त्या जागी एक बारीकसा 'टुंइक' यायचा, मला वाटलं वा, काय डोकं लावलंय कंपोजरने, आणि मी बरोबर त्या रिकाम्या जागेत स्नेअर ड्रम बसवला. आठवडाभर त्याच लूपवर बसलो होतो. नंतर कळलं की ते सूर कंपोजरने काढलेच नव्हते, खेळणाऱ्याने तिथे उडी मारली होती!

झालं काय होतं, तर जुन्या ८-बिट निन्टेंडोच्या म्हणजे एनईएसच्या साउंड चिपमध्ये फक्त ५ चॅनल, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे पाच आवाज, असतात. दोन पल्स (स्क्वेअर वेव्ह यांतूनच येते), एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक सॅम्पल वाजवणारा, बस. गेममधले इफेक्ट्सही याच पाचांतून वाजतात, त्यामुळे उडीचा आवाज आला की तो संगीताचा एक चॅनल तेवढ्यापुरता हिसकावून घेतो आणि तिथला सूर जातो. तेव्हा पहिली चूक हीच, गेमप्लेच्या रेकॉर्डिंगमधून सॅम्पल घेणं. त्याऐवजी एनएसएफ फाइल घ्या (सुपर निन्टेंडोसाठी एसपीसी, सेगासाठी व्हीजीएम). या फाइल म्हणजे रेकॉर्डिंग नाहीच, चिपला काय वाजवायचं ते सांगणारा डेटा असतो, आणि चांगल्या प्लेअरमध्ये प्रत्येक चॅनल वेगळा म्यूट करून वेगळी वेव्ह फाइल काढता येते. लोक एआयवाले स्टेम सेपरेटर (मिक्समधून एकेक वाद्य वेगळं काढणारे) लावून स्क्वेअर वेव्ह सोलत बसतात आणि मग घोगरं का येतंय विचारतात, अरे इथे स्टेम्स आधीच वेगळे आहेत ना! हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या कटकटी आपोआप जातात.

टेम्पो बरोबर लावला तरी ड्रम सरकतात

हा प्रॉब्लेम जवळपास सगळ्यांना येतो आणि सगळे आधी आपल्या कानाला दोष देतात. गेमचं म्युझिक बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती बीट्स यावर, नाही तर स्क्रीनच्या फ्रेमवर चालतं. समजा एका बीटचे चार भाग आणि प्रत्येक भाग ६ फ्रेमचा, म्हणजे बीट २४ फ्रेमची. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर १५० बीपीएम, पण एनईएस खरं तर सेकंदाला साधारण ६०.१ फ्रेम काढतो, त्यामुळे खरा टेम्पो येतो १५०.२५. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, पण ६४ बीट्समध्ये हा फरक ४० मिलिसेकंदांच्या आसपास जातो आणि किक आणि बेस वेगवेगळे पडल्यासारखे ऐकू येतात, 'धप्' ऐवजी 'ध-धप्'. प्रोजेक्टचा टेम्पो पॉइंटासकट टाका, किंवा लूप चार-चार बारचे कापून प्रत्येक तुकडा ग्रिडला चिकटवा. आणि फाइल युरोपियन आवृत्तीची असेल तर तिथे ५० फ्रेमचा हिशोब असतो, तीच ट्यून १२५ ला ऐकू येऊ शकते, हे आधीच तपासा.

आता १५० चं बूम-बॅपच्या (जुन्या, किक-स्नेअरवाल्या हिप-हॉपच्या) ९० ला कसं आणायचं? इथे लोक टाइम-स्ट्रेच (पिच तीच ठेवून आवाज ताणणं) लावतात आणि ट्यूनची पार वाट लागते. कारण चिपकडे कॉर्डसाठी चॅनलच नसतात, म्हणून कंपोजर एकाच चॅनलवर कॉर्डचे तीन सूर इतके भराभर फिरवतो की कानाला ते एकत्र वाटतात. ते ताणलं की नुसता खडखडाट होतो, सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकल्यासारखा. मी दोनच गोष्टी करतो. एक म्हणजे हाफ-टाइम, १५० ची ट्यून तशीच ठेवायची आणि ड्रम ७५ च्या चालीने, स्नेअर तिसऱ्या बीटला, बऱ्याचदा एवढंच पुरतं. दुसरं म्हणजे सरळ पिचसकट खाली ओढायची, अगदी टेपसारखी. जुने प्रोड्यूसरही पिच खाली आणायचेच, १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये सॅम्पलिंगला एकूण १० सेकंदच मिळायचे, म्हणून रेकॉर्ड जास्त स्पीडवर वाजवून सॅम्पल करायचे आणि मग मशीनमध्ये पिच खाली आणायचे, त्यातूनच तो जाडसर खरखरीत आवाज आला. सुपर निन्टेंडोलाही सगळ्या आवाजाला मिळून ६४ केबी मेमरी होती. दोघंही कंजूषपणातूनच घडलेले, म्हणून बहुतेक इतके छान जमतात.

स्विंग लावला आणि सगळं लंगडायला लागलं

ड्रमवर ५८ टक्के स्विंग, म्हणजे दर दुसरा ठोका किंचित उशिरा, आणि मेलडी मात्र ग्रिडवर सरळ. दोघांचं भांडण होणारच. पूर्ण लूप वाजवू नका, मेलडीचा एकेक सूर कापून पॅडवर ठेवा आणि हाताने वाजवा, थोडं मागे-पुढे झालं तर होऊ द्या. पॅड नसेल तर मेलडीची मिडी (आवाज नाही, कुठला सूर कधी वाजवायचा याची नोंद) करून तिलाही तोच स्विंग द्या. मिडी केलीत तर ते भराभर फिरणारे कॉर्ड काढून तिथे साधे इलेक्ट्रिक पियानोचे कॉर्ड टाकून बघा, मला तर मूळ ट्यूनचा खरा मूड तेव्हाच कळतो.

आवाज टोचतो, ड्रम मात्र दिसतच नाहीत

स्क्वेअर वेव्ह कायम फुल दाबलेली असते, तिचं पीक आणि सरासरी पातळी जवळपास सारखीच. ड्रमचं उलट, टोक उंच आणि मागे सगळं रिकामं. मीटरवर दोघं सारखे दिसले तरी कानाला मेलडी कितीतरी मोठी लागते, म्हणून मीटर सोडा आणि मेलडीचा फेडर लाज न बाळगता खाली घ्या. वर लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) ५-६ किलोहर्ट्झच्या आसपास लावा. रॅप असेल तर शब्द जिथे कळतात तिथेच, म्हणजे २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये, ही लीड, म्हणजे मुख्य मेलडीही, ओरडत असते, त्यामुळे व्हर्समध्ये (रॅपच्या भागात) लीड काढून टाका आणि हुकला (परत परत येणाऱ्या ओळीला) परत आणा. ईक्यूने भांडण सोडवत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

बिटक्रशर, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट, लावू नका, प्लीज. आवाज आधीच क्रश होऊन आलाय.

बेसचं थोडं नाजूक आहे. एनईएसमध्ये बेस बहुतेक वेळा ट्रँगलवर असतो आणि त्या चॅनलला व्हॉल्यूमच नसतो, चालू किंवा बंद एवढंच. त्याच्याखाली ८०८ (रोलंडच्या जुन्या ड्रम मशीनचा खोल, लांब किक) टाकला की दोघं खालच्या भागात एकमेकांना खातात आणि काही सुरांवर बेस अचानक पोकळ होतो. ट्रँगलला १२० हर्ट्झच्या खाली कापा आणि खालचं सगळं ८०८ ला द्या. तरी बेसूर वाटलं तर ८०८ चं सॅम्पल ट्यून केलंय का बघा, दहातल्या आठ वेळा तिथेच घोळ असतो.

पूर्ण ट्यून ठेवायचा मोह

मला विचाराल तर सगळ्यात मोठी चूक हीच. लहानपणी तासन् तास ऐकलेली ट्यून असते, एकही सूर सोडवत नाही, मग होतं काय की मूळ गाणं तसंच्या तसं आणि खाली ड्रम चिकटवलेले. गेमची ट्यून सतत बदलत राहते कारण खेळणारा तीच लेव्हल वीस वेळा खेळणार असतो आणि त्याला कंटाळा येऊन चालणार नसतं. हिप-हॉपला उलट हवं, दोन बार, परत तेच दोन बार, डोलत राहायचं. म्हणून दोनच बार उचला, शक्यतो सगळ्यात फेमस नसलेले. मेन्यू स्क्रीन, दुकान, पासवर्ड लिहायची स्क्रीन, असल्या जागी फार सुंदर तुकडे पडलेले असतात आणि कोणी हात लावत नाही.

अपलोड करण्याआधी एक. काही सेकंदच वापरलं तर चालतं असा सरसकट नियम नाही. आणि मिडीवर स्वतः वाजवलंत तर मूळ रेकॉर्डिंगचा प्रश्न मिटतो पण चाल कंपोजरची किंवा कंपनीचीच राहते, विकायचं असेल तर परवानगी लागते. टेट्रिसमधली ती प्रसिद्ध चाल मुळात जुनं रशियन लोकगीत आहे, ती चाल सगळ्यांची, पण गेममधली मांडणी आणि रेकॉर्डिंग नाही.

माझ्या त्या पहिल्या रीमिक्सचं पुढे काय झालं? एनएसएफ मिळाली, सगळे सूर जागेवर आले, आणि बीट एकदम सपाट वाटायला लागला. शेवटी ते दोन सूर मी स्वतःच म्यूट केले आणि उडीचा 'टुंइक' परत टाकला.