पद्मिनी घेताना: ठाणे-नवी मुंबईत जुनी गाडी जपायची तर

प्रीमियर पद्मिनी हातची गेली की वर्षानुवर्षं हळहळ वाटते. पण सडलेल्या सांगाड्यावर पैसे घालणं त्याहून महागात पडतं. म्हणून आधी पत्रा, मग इंजिन. १०८९ सीसीचं इंजिन उतरवून नीट करणारे मिस्त्री अजून सापडतात. खाडीच्या दमट, खाऱ्या हवेने खाल्लेला पत्रा मात्र पूर्ववत होत नाही.

लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळा. दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ इथे फिरवा. चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टीचा थर आहे. मॅट उचलून फ्लोअर अंगठ्याने दाबून पाहा. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन दोष लपवतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

कागद हा खरा कस. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते थकलं असेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. ५० वर्षं पूर्ण झालेल्या मूळ रूपातल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते, मात्र ती रोज रस्त्यावर वापरता येत नाही.

घेतल्यावर पेट्रोलचे रबरी पाइप लगेच बदला, इथेनॉलने जुनं रबर तडकतं. पावसाळ्यात प्लॅस्टिकचा कागद नको, आत घाम धरतो. हवा खेळणारं कापडी कव्हर घाला आणि पंधरवड्याला २० मिनिटं चालवा.