स्वतःचा आवाज ऐकवत नाही? तरी ऐका

कॉलेजच्या ऑडिओ प्रोजेक्टला महागडा माइक लागत नाही. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, समोर कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, एवढ्यावर भागतं. फोन तोंडापासून एक वीत लांब आणि जरा बाजूला धरा, नाहीतर प, फ, भ म्हणताना हवेचा झोत थेट माइकवर आदळतो. रेकॉर्डिंग अ‍ॅपच्या आवाज-मीटरवर (यात शून्य म्हणजे कमाल पातळी) सगळ्यात मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट सांधता येत नाही. सुरुवातीला १० सेकंद गप्प बसून खोलीची शांतताही रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये फटी भरायला लागते. चुकलात तर रेकॉर्डिंग चालूच ठेवा, टाळी वाजवा आणि वाक्य पहिल्यापासून म्हणा. वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या आवाजाच्या आलेखात, टाळीची उभी रेघ लगेच सापडते.

खरी गाडी अडते ऐकताना. बोलताना आपला आवाज हवेतून कानात येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडांतून खालचे, जाड सूर जास्त पोचतात. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा नसतो, म्हणून आवाज पातळ, परका वाटतो. बाकीचे लोक मात्र पहिल्यापासून साधारण तोच ऐकत आलेत. तेव्हा 'पिच उतरव, बेस वाढव' हा सल्ला कानाआड करा. त्याने आवाज भारदस्त होत नाही, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा होतो.

रेकॉर्ड झाल्या झाल्या ऐकू नका. शब्द डोक्यात ताजे असतात, त्यामुळे न उमटलेलेही ऐकू आल्यासारखे वाटतात. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून, संहिता बाजूला ठेवून ऐका. आवाज कसा आहे ते सोडा. काय कळलं नाही तेवढंच वेळेसह टिपा. मग संहिता हातात घेऊन पुन्हा ऐका.

बहुतेक खुणा वाक्याच्या शेवटी पडतील. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि दमही तिथेच संपतो. 'या विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही' यातला 'नाही' गिळलात, तर ऐकणारा तेच पाणी प्यायला मोकळा! लांब वाक्यात श्वासाच्या जागी पेन्सिलने उभी रेघ मारा. दुरुस्तीला नुसता 'नाही' चिकटवू नका, पट्टी जुळत नाही आणि ठिगळ ऐकू येतं. त्याच खोलीत, त्याच अंतरावरून आधीच्या वाक्यापासून पुन्हा म्हणा आणि जोड दोन वाक्यांमधल्या शांततेत द्या.

मूळ फाइल वेव्ह (WAV) प्रकारात जपून ठेवा; जमा करायला एमपी३ चालते.