टेप रीडर दुरुस्तीत नवे असाल तर

जळगाव-भुसावळकडे जुन्या एनसी मशीनवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कागदी टेपवरून हुकूम घेणाऱ्या यंत्रांवर, हात काळे करणारी पोरं आता मोजकीच. त्यांच्यासाठी हे लिहितोय. अर्थिंग तपासा, करंट लूपची (विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या जुन्या जोडणीची) वायर आरएस-२३२ ला (व्होल्टेजवर चालणाऱ्या सीरियल पोर्टला) जोडू नका, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

खरा सापळा पॅरिटीचा, म्हणजे चूक पकडायला ओळीतली भोकं सम किंवा विषम ठेवायच्या नियमाचा. टेप सरसर सरकते, पण लॅपटॉपवर निम्मे आकडे बरोबर, निम्मे भलतेच. मग माणूस झाकण उघडतो, दिवा बदलतो, सेन्सरचे पॉट (जुळवणीचे छोटे स्क्रू) फिरवत बसतो. अरे, आधी बिघडलेत कोणते आकडे ते तर बघा! ०, ३, ५, ६, ९ नीट येतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी चित्रविचित्र खुणा येतात ना? मग रीडर ठणठणीत आहे. टेपचे कोड दोन, आयएसओ आणि ईआयए; आयएसओ टेपवर प्रत्येक आडव्या ओळीत भोकं सम लागतात. ३ च्या कोडात मुळातच चार भोकं, म्हणून आठवा ट्रॅक (टेपच्या लांबीतली भोकांची रांग) कोरा. १ ला तीनच, म्हणून चौथं आठव्या ट्रॅकवर पाडतात. लॅपटॉप ८ बिट, पॅरिटी नन (नाही) वर असला की ते जादा भोकही अक्षरात धरतो आणि आकडा बदलतो. ७ बिट, इव्हन (सम) करा, काम झालं. यानं माझा जीव नकोसा केला होता, म्हणून पुन्हा सांगतो: पॉटला हात लावू नका. मशीनमध्ये एक दोष नसेल तर तुम्ही घालाल.

ओळीतली भोकं विषम भरली तर टेप ईआयए आहे. तिथे पॅरिटी पाचव्या ट्रॅकवर असते. मधलं बारीक फीडचं भोक मोजायचं नाही.

चूक नेहमी एकाच ट्रॅकवर येत असेल तर त्या सेन्सरपुढची काच पुसा. कुठेही, कशीही येत असेल तर टेप सरकण्यात घोळ आहे. मे महिन्यात आपल्याकडे कागद पापडासारखा कडक होतो, फीडची भोकं फाटतात. पावसाळ्यात तोच कागद फुगतो. म्हणून जुनी टेप हाती आली की दुरुस्तीआधी तिची कॉपी काढा. कॉपी न काढता रीडर काढून मशीनला थेट लॅपटॉप जोडायचा शॉर्टकट मला पटत नाही. कॉपी घेतल्यावर खुशाल जोडा.

नेटवरच्या व्हिडिओंपेक्षा एखादा निवृत्त मिस्तरी गाठा. मला ज्यांनी शिकवलं ते मशीनकडे न बघता म्हणायचे, "पहिले टेप देख ना भो." चिडचिड व्हायची, पण बहुतेकदा खोट टेपमध्येच निघायची.

पंचचं, म्हणजे टेपवर भोकं पाडणाऱ्या यंत्राचं, त्या मानानं सोपं. कचऱ्याचा डबा रिकामा करा. तो भरला की पिना अडकतात. मग पॅरिटी इव्हन ठेवून इंग्रजी यू आणि ताऱ्याची खूण आलटून पालटून पंच करा. प्रत्येक ट्रॅकवर एकाआड एक भोक यायला हवं. कुठे भोकातली कागदी टिकली लोंबकळत असेल तर ती पिन बोथट झालीय. शेवटी पट्टी लावा: दहा इंचांत फीडची १०० भोकं बसली पाहिजेत. ९९ बसली तर फीड आधी नीट करा, तोवर त्या पंचवर गिऱ्हाइकाची टेप काढू नका.