अशील वारला, दावा चालू आहे: या चुका टाळा

"वडील गेले, आता केस संपली ना?" हा प्रश्न फोनवर हमखास येतो. घराचा, भाड्याच्या खोलीचा, पैशाच्या वसुलीचा दावा संपत नाही, तो वारसांकडे जातो. अब्रुनुकसानीचा दावा मात्र सहसा माणसाबरोबरच जातो.

डोकं फिरवणारी चूक एकच: "तेरावं होऊ दे, मग बघू", आणि मग "पुढच्या तारखेला बघू". वारस रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज मृत्यूच्या दिवसापासून 90 दिवसांत द्यावा लागतो, कोर्टाच्या पुढच्या तारखेपासून नव्हे. तो दिला नाही की मयताचा दावा आपोआप अबेट होतो, म्हणजे तिथेच संपतो, त्यासाठी वेगळा हुकूम लागत नाही. अबेटमेंट रद्द करून घ्यायला पुढे 60 दिवस असतात. तेही गेले की विलंब माफीचा अर्ज, आणि मग समोरच्याची चैन.

गिरगावातल्या एका चाळीतल्या खोलीचा दावा धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात होता. वादी आजी गेल्या. मुलगा आईच्या कुलमुखत्यारपत्रावर तारखांना जात राहिला, म्हणे, "कोर्टाला कशाला उगाच सांगायचं?" अहो, कुलमुखत्यारपत्र देणारा गेला की तो कागद रद्दी! उलटतपासाच्या दिवशी घरमालकाच्या वकिलांनी मृत्यूचा दाखलाच पुढे केला. मग फाइल माझ्याकडे आली. वारस लावायचा, अबेटमेंट रद्द करायचा, विलंब माफीचा असे तिन्ही अर्ज केले. पण "आम्हाला केसची माहिती नव्हती" म्हणायची सोय नव्हती. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या प्रत्येक तारखेच्या नोंदीत, चिरंजीवांची हजेरी लागलेली. अखेर खर्चाची रक्कम भरून दावा जिवंत झाला, तोही बऱ्याच तारखा खाऊन.

माझी सवय सांगतो. कळल्याबरोबर सांत्वन करतो आणि त्याच फोनवर मृत्यूची तारीख विचारतो. वाईट दिसतं, दिसू दे. डायरीत नव्वदावा दिवस लाल पेनाने लिहितो आणि पुढच्या तारखेला पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी माहिती, देतो. वकीलपत्र अशिलाबरोबर संपतं, पण कोर्टाला मृत्यू कळवण्याचं काम 1976च्या दुरुस्तीपासून वकिलाच्याच गळ्यात आहे. वारसांकडून नवं वकीलपत्र घ्यावं लागतं.

वारस दाखल्याची वाट बघत बसू नका. या अर्जासाठी तो लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं-पत्ते द्या.

लग्न झालेल्या बहिणींना वगळू नका. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला असेल तर त्याची हयात आईही पहिल्या वर्गाची वारस असते. "बहिणीने तोंडी हक्क सोडलाय" हे मला सांगू नका.

युक्तिवाद संपून निकाल राखून ठेवलेला असेल तर घाबरू नका, दावा अबेट होत नाही. दरखास्तीलाही, म्हणजे झालेल्या निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जालाही, ही 90 दिवसांची भीती नाही.

कैदेच्या शिक्षेविरुद्ध अपील चालू असताना आरोपी गेला, तर अपील पुढे चालवण्याची परवानगी जवळच्या नातलगांना 30 दिवसांत मागता येते.

आणि प्रतिवादी गेला म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. त्याचे वारस शोधून आणायचं काम वादीचं, मुदत तीच. मेलेल्या माणसाविरुद्ध दावा नव्याने दाखल करणारेही भेटतात. त्यांची कोर्ट फी मी परत आणून देऊ शकत नाही.