काल्पनिक जगाच्या धर्मात जादू आणि किमया कशी बसवावी

फँटसी लिहायला बसलं की बहुतेकजण देवांच्या वंशावळीपासून सुरुवात करतात. वही भरते, धर्म उभा राहत नाही. धर्म चालतो तो दिवसांवर आणि मानपानावर, आणि कोल्हापूरकराला त्याचे नमुने शोधायला लांब जावं लागत नाही.

१. आधी दिवस ठरवा. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येतात: पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग मुख. ढग, धूळ किंवा वाटेतलं बांधकाम आडवं आलं की किरण मध्येच विरतात. तुमची जादूही अशीच मोजक्या संध्याकाळी चालू द्या. मग नगरात कोणी किती मजले चढवायचे, हा धर्माचा प्रश्न होतो आणि कथानक आपसूक सापडतं.

२. मान वाटा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मानाच्या सासनकाठ्या (सजवलेल्या उंच काठ्या) असतात, तसे पाच-सहा हक्क लिहून काढा. मंत्र कोण म्हणतो, अग्नी कोण देतो, प्रसादाचा पहिला वाटा कोणाचा? ऐन दिवशी हक्कदाराला सुतक आलं तर काय, हेही आत्ताच ठरवा. नेमकं हेच राहून जातं.

३. किमयेला, म्हणजे धातू पालटण्याच्या विद्येला, रीत द्या. आपल्या रसशास्त्रात (पाऱ्यापासून औषधं करण्याच्या आयुर्वेदातल्या शास्त्रात) पारा शिवाचा, गंधक पार्वतीचा. दोन्ही समभाग घेऊन खलात घोटतात, त्याची काळी भुकटी, म्हणजे कज्जली होते. पाण्याचे थेंब घालून उन्हात चोळली तरी पाऱ्याची चकाकी दिसता कामा नये. मग कापडमातीचे सात थर दिलेल्या काचकुपीत ती तिसऱ्या हिश्श्याइतकीच भरून वालुकायंत्रात, म्हणजे वाळू भरलेल्या भांड्यात ठेवून तापवतात. कुपीच्या गळ्याशी लाल रससिंदूर धरतो. रुपेरी, काळा, लाल: दीक्षेच्या तीन पायऱ्या आयत्याच मिळाल्या. घोटाळा होतो तो बहुधा आचेचा. गंधक कुपीच्या तोंडाशी साचतो आणि तापलेल्या सळईने वाट मोकळी केली नाही, तर कुपी फुटते. (हे सगळं कागदावरच. पाऱ्याची वाफ विषारी असते.)

४. किमयागार पुजारी नको, गुळव्या करा. गुऱ्हाळात रसाची काहील कधी उतरवायची हे गूळ शिजवणारा गुळव्या ठरवतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का, ते बघतो. त्याच्या हातातलं ज्ञान पोथीत नसतं, म्हणून देवस्थानाला तो हवा असतो आणि खुपतोही. या ताणातून पंथ फुटतात.

५. अपयशाची तीन कारणं लिहा. पुजारी म्हणेल सोवळं मोडलं, किमयागार म्हणेल आच चढली, भक्त म्हणेल नवस फेडला नाही. खरं कोणतं, ते लेखकाने सांगू नये.

शेवटी एक प्रकरण घेऊन त्यातली जादू काढून टाका. फक्त लढाईच बदलली आणि जत्रेची तारीख, सरपणाचा भाव, सोयरीक जशीच्या तशी राहिली, तर पहिल्या पायरीवर परत या.